वॅगनआरचा क्लच आणि ऑगस्टचं बजेट : प्रकल्प नोंदी

10 ऑगस्ट 2025, रविवार

काल राखी बांधून चेंबूरहून परत येताना विक्रोळीच्या नव्या पुलावर, म्हणजे जूनमध्ये सुरू झाला त्यावर, गाडीने दम सोडला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र होती त्याच वेगात. पाठोपाठ जळका वास. कशीबशी भांडुपला आणली. खाली पार्किंगमध्ये नवऱ्याने हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन धक्का देऊन बंद पडायला हवं होतं. ते जरा घुटमळलं आणि चालू राहिलं. क्लच सरकतोय, यात शंका नाही.

गाडी : वॅगनआर एलएक्सआय सीएनजी, सप्टेंबर 2016 ची, 78 हजार किलोमीटर. क्लच कंपनीतून आलेलाच. एलबीएस मार्गावर मेट्रो 4 चे पत्रे लागल्यापासून भांडुप ते मुलुंड हे अंतर निम्म्याहून जास्त हाफ क्लचवरच कापलं जातं. तरी इतका टिकला, हेच विशेष.

ऑफिसात मी दुसऱ्यांच्या प्रकल्पांचे हिशेब ठेवते, त्याच पद्धतीने याची वही उघडली आहे. आजची परिस्थिती : घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, क्लासची फी, किराणा, सासूबाईंची औषधं हे सगळं बाजूला काढून महिनाअखेरपर्यंत मोकळे 6,200 रुपये. गणपतीचं पाकीट वेगळं, त्याला हात नाही. ऑक्टोबरमध्ये सुटणारी आरडी गावच्या घराच्या रंगासाठी आहे, तिलाही नाही.

गाडी आत्ताच का हवी : सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आठवड्यातून तीनदा मुलुंडला फिजिओथेरपी.

12 ऑगस्ट, मंगळवार

गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवली. अ‍ॅडव्हायझरने टॅबवर भराभर बोटं फिरवली आणि आकडा सांगितला : 36,400. "मॅडम, सगळं एकदम करून घ्या, वर्षभर बघायला नको."

मी प्रिंट मागितली. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला, मग दिली. यादी अशी :

क्लच सेट (प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग) 5,100, मजुरी 3,400. पुढचे दोन लोअर आर्म (चाक खालून धरून ठेवणारे दांडे) 3,900, मजुरी 1,200. पुढचे दोन टायर 7,000. अलाइनमेंट-बॅलन्सिंग 900. बॅटरी 4,600. एसीचा कंडेन्सर आणि गॅस 6,100. आणि शेवटी इंजिन डिकार्बनायझिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग मिळून 4,200.

गाडी नेली होती क्लचसाठी. क्लचचे झाले 8,500. उरलेले जवळजवळ 28 हजार गाडी रॅम्पवर चढल्यावर सापडले.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "दारात हत्ती बांधलाय, आता चारा घाला."

13 ऑगस्ट, बुधवार

रात्री प्रिंट घेऊन बसलो. प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लिहिला : हे नाही केलं तर काय होईल?

क्लच : गाडी चालणार नाही. लगेच.

लोअर आर्म : बॉल जॉइंटमध्ये खेळ आलाय. तो निखळला तर चाक आडवं पडतं. लगेच. इथे नवऱ्याचं आणि माझं दुमत नाही.

टायर : खाचांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून बारीक उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे. टायर तिथवर झिजला की बदलायलाच हवा. आमचे अजून त्याच्या वर आहेत, पण फार नाही. ओल्या रस्त्यावर भरवसा नको. हायवेला गाडी न्यायची नाही, एवढं पाळलं तर महिनाभर ढकलता येतील.

एसी : पावसाळ्यात काचेवर धुकं धरतं, बाकी अडत नाही. थांबेल.

बॅटरी : "वीक आहे" एवढंच सांगितलं, मापलं कुणी नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी लागते. थांबेल.

डिकार्बनायझिंग वगैरे : कुणी तक्रार केली होती? काट.

हायवेला न्यायची नाही म्हणजे गणपतीत गावी न्यायची नाही. यावर मात्र घरात अर्धा तास गेला. शेवटी दिराला फोन लावला. त्याच्या गाडीत दोन जागा आहेत, नवरा आणि मुलगी जातील. सासूबाईंना इतका प्रवास झेपणार नाहीच, म्हणून मी त्यांच्यासोबत इथे.

17 ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी, सगळं बंद. आज सोसायटीतल्या दोघा-तिघांनी सुचवलेल्या गॅरेजमध्ये गाडी हळूहळू नेली. गॅरेज म्हणजे दोन गाड्यांची जागा आणि एक खड्डा. मिस्त्रीने चावी घेऊन एक चक्कर मारली आणि मान हलवली.

त्याचं म्हणणं : क्लच सेट तुम्ही स्वतः आणा, बिल तुमच्या नावावर राहील. मजुरी 2,000. गिअर ऑइल बदलावं लागेलच, कारण ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाक फिरवणारा दांडा) बाहेर काढताना ते सांडतंच. आणि शाफ्ट काढायचा तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवावाच लागतो. "म्हणजे वहिनी, आर्मचं अर्धं काम क्लचमध्येच होतं. त्याचे वरचे 400 द्या."

सर्व्हिस सेंटरच्या यादीत याच आर्मची मजुरी 1,200 होती, वेगळी लावलेली. दोन्ही कामं एकाच वेळी होत असतील तर मजुरी एकत्र कशी मोजता, हे विचारायला हवं हे मला सुचलं नसतं. वहीत ठळक लिहून ठेवलं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने पार्ट निम्म्यात मिळतात, असं एका शेजाऱ्याने सांगितलं. दरवाजा, आरसा, दिवा असतं तर गेले असते. क्लच प्लेट ही झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू, ती दुसऱ्याची झिजलेली आणून काय मिळवायचं? पुन्हा मजुरी आपलीच.

बुधवारी गाडी आणा म्हणाला.

20 ऑगस्ट, बुधवार

गाडी गेली नाही. सोमवार-मंगळवार मुंबईने जे पाहिलं ते सगळ्यांनी पाहिलं. काल ऑफिसं बंद, शाळा बंद, मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प. आमची इमारत उताराच्या तळाशी आहे. दुपारी कंपाउंडमध्ये पाणी चढलं आणि गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावरून आत शिरलं. सरकत्या क्लचवर ती चालवून वर नेणंही शक्य नव्हतं.

नवऱ्याने खाली उतरून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. पाणी ओसरल्यावर शेजारचे काका म्हणाले, "एकदा चालू करून बघा, सुकेल." अजिबात नाही. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग 36 हजारांत भागत नाही. शिवाय साध्या विमा पॉलिसीत पुरात भिजलेली गाडी बसते, पण पाणी शिरलेलं असताना स्टार्ट मारून फुटलेलं इंजिन बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं आणि आमच्या पॉलिसीत ते नाही.

मिस्त्री चालत आला. एअर फिल्टरचा डबा उघडला : कोरडा. ऑइलची पट्टी काढून रुमालावर पुसली : काळं, पातळ, पण दुधाळ नाही. पाणी इंजिनापर्यंत पोचलेलं नाही. गाडी दोरी बांधून गॅरेजला.

आतलं कार्पेट मात्र पिळून निघेल इतकं ओलं. खालचा फोम दुसऱ्याच दिवशी नासका वास मारतोय.

23 ऑगस्ट, शनिवार

पाण्याचं बिल वेगळं मागितलं होतं : सीट आणि कार्पेट काढून धुणं-सुकवणं 2,600, सेल्फ स्टार्टर खोलून साफ करणं 1,400, एका पुढच्या चाकाचं बेअरिंग 1,600. एकूण 5,600.

सगळ्यांचा सल्ला एकच : विमा आहे ना, क्लेम टाका. टाकायच्या आधी कॅल्क्युलेटर घेतला.

गेली अनेक वर्षं क्लेम नाही, म्हणून नो क्लेम बोनस 50 टक्के आहे. तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर मिळतो. थर्ड पार्टीचे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचे, 2,094 हजार सीसीपर्यंतच्या सगळ्या गाड्यांना सारखेच, त्यावर बोनस नाही. आमचा ओन डॅमेज बोनसआधी 4,200, बोनस धरून 2,100. क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य. मग दरवर्षी 20, 25, 35, 45 असं चढत पुन्हा 50 वर. प्रीमियम तोच राहिला असं धरलं तर जादा द्यावे लागतील ते असे : पहिल्या वर्षी 2,100, नंतर 1,260, 1,050, 630, 210. बेरीज 5,250. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 6,195.

आणि मिळणार किती? 5,600 मधून सक्तीची वजावट 1,000 (1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला एवढी). बेअरिंग धातूचं, गाडी पाच ते दहा वर्षांच्या गटातली, म्हणून त्यावर 40 टक्के घसारा : 640 गेले. हातात 3,960, तेसुद्धा सर्व्हेअरने सगळं मान्य केलं तर.

3,960 साठी 6,195 द्यायचे नाहीत. क्लेम नाही. काकांना हा कागद दाखवला. ते म्हणाले, "मग विमा भरता कशाला?" इंजिन गेलं असतं किंवा गाडी चोरीला गेली असती तर त्यासाठी, असं सांगितलं. पटलं नसावं.

24 ऑगस्ट, रविवार

पैसे कुठून. गॅरेजला आता द्यायचे आहेत : क्लच सेट 4,300, मजुरी 2,000, गिअर ऑइल 700, आर्म 3,200 अधिक 400, पाण्याचे 5,600. म्हणजे 16,200.

क्रेडिट कार्डावर बाकी ठेवणं हा पर्याय लिहिलाच नाही, महिन्याला साडेतीन टक्के. कार्डाचा ईएमआय : 15,000 वर वर्षाला 16 टक्के, दहा हप्ते. व्याज अकराशेच्या घरात, त्या व्याजावर पुन्हा 18 टक्के जीएसटी, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरही जीएसटी. पंधराशेच्या वर जातं. जाहिरातीत यातला फक्त हप्ता मोठ्या अक्षरात असतो.

नवऱ्याच्या ऑफिसची पतपेढी : आकस्मिक कर्ज, 10 टक्के, शिल्लक रकमेवर. दरमहा 1,500 मुद्दल पगारातून कापतात. पहिल्या महिन्याचं व्याज 125, पुढे कमी होत जातं. दहा महिन्यांत एकूण व्याज 688 रुपये. दोन जामीन लागतात आणि सेक्रेटरींच्या टेबलापाशी उभं राहून कारण सांगावं लागतं. नवऱ्याला तेवढंच नको होतं. "गाडीचा क्लच म्हणून कर्ज मागायचं?" म्हणाला. मी म्हटलं, कारणाच्या रकान्यात 'वाहन दुरुस्ती' लिहायचं, लाजायचं काय त्यात. अर्धी पतपेढी त्यासाठीच रांगेत असते.

एसआयपी थांबवायचा विचारही झाला. नाही थांबवली. एकदा थांबवलेली पुन्हा कोण चालू करतं आमच्याकडे?

हप्ता पुढच्या वर्षी जूनमध्ये संपेल. तेव्हापासून तेच 1,500 गाडीच्या नावाच्या वेगळ्या आरडीत जातील. पगारातून कापल्याची तोवर सवय झालेली असेल.

25 ऑगस्ट, सोमवार

ऑफिसातून थेट गॅरेजला. काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवलं होतं, जुना माल दाखवल्याशिवाय फेकायचा नाही.

क्लच प्लेट हातात घेतली. दोन्ही बाजूंचं अस्तर इतकं झिजलंय की रिव्हेटची डोकी त्याच्या पातळीला आलीत, नख फिरवलं तर अडत नाही. नव्या प्लेटमध्ये ती चांगली खोल असतात. प्रेशर प्लेटवर निळसर डाग, मोरपिशी म्हणावेत असे, तापून तापून पडलेले. फ्लायव्हील (इंजिनाची चकती, क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते) पाहिलं, चरे नाहीत, पॉलिश पेपर मारून चाललं. ते चिरलं असतं तर मशीनवर द्यावं लागलं असतं, आणखी हजार-दीड हजार. निघालेलं गिअर ऑइलही दुधाळ नव्हतं.

नव्या सेटच्या डब्यावरची एमआरपी आणि बिल जुळवून बघितलं. रात्री आठला गाडी मिळाली. क्लच इतका हलका की नवऱ्याने पहिल्यांदा सोडताना गाडी बंद पाडली.

1 सप्टेंबर, सोमवार

दीड दिवसांचा गणपती पार पडून मंडळी परतली. दिराला सीएनजीचे अर्धे पैसे दिले. बाकी नोंद नाही.

4 सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला. 22 सप्टेंबरपासून वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांवर 28 ऐवजी 18 टक्के. टायर आणि बॅटरीही त्यात. मजुरी आणि इंजिन ऑइल आधीपासूनच 18 मध्ये, तिथे फरक नाही. गाडीच्या विम्यावरही 18 कायम. सूट मिळाली ती वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याला.

ऑफिसात एकीने लगेच ऐकवलं, "थांबली असतीस तर क्लचवर दहा टक्के वाचले असते." दहा नव्हे. कर मूळ किमतीवर असतो. 128 ची वस्तू 118 ला मिळते, म्हणजे छापील किमतीत 7.8 टक्के घट. क्लच सेटवर 336 रुपये. तेवढ्यासाठी महिनाभर मुलुंडला रिक्षा करायची? भांडुपहून एका बाजूचे 80 च्या आसपास, जाऊन-येऊन 160, आठवड्याला तीन वेळा. पहिल्याच आठवड्यात 480. विषय संपला.

टायर मात्र तसेही थांबवले होते. 22 पर्यंत थांबतील.

14 सप्टेंबर, रविवार

हे बिल अचानक आलेलं नाही, पण येतं मात्र याच सुमारास. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी, दर तीन वर्षांनी लागते. 2019, 2022 आणि आता 2025. तारीख उलटली की पंपावरचा मुलगा टेस्टच्या तारखेची प्लेट बघतो आणि नोझल परत अडकवतो, मग पेट्रोलवर फिरा.

टाकी उतरवून, टेस्ट करून, पुन्हा बसवून 2,000. टाकी बाहेर आली तेव्हा कळलं की डिकीच्या तळाशी ऑगस्टचा गाळ तसाच साचलेला होता, स्टेपनीच्या खोबणीत बोटभर. टाकी जागेवर असताना तिथे हात पोचत नाही, त्यामुळे धुणाऱ्याने सोडून दिला होता. वास जाईना तो यामुळेच. आम्हीच खरवडून काढला, कोरडं केलं, गंज धरू लागलेल्या जागी प्रायमर फासला. नवी तारीख सप्टेंबर 2028.

24 सप्टेंबर, बुधवार

टायर. ऑगस्टमध्ये याच दुकानदाराने जोडीचे 7,000 सांगितले होते. आज त्याने आधी जुना स्टॉक आहे, जुनाच भाव लागेल, असं सुरू केलं. कर बिलाच्या तारखेचा लागतो, माल तुम्ही कधी भरलात त्याचा नाही, असं शांतपणे सांगितल्यावर 6,450 चं बिल फाडलं. मी घरून काढून आणलेला आकडा 6,453 होता.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचले : पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. या वर्षीचेच, तेव्हा बसवले. अलाइनमेंट-बॅलन्सिंग 600.

5 ऑक्टोबर, रविवार

ऑक्टोबरची हीट सुरू झाली, एसीला आणखी ढकलता येईना. कंडेन्सर बदला म्हणणाऱ्यांनी गळती कुठे आहे ते दाखवलं नव्हतं. एसीचंच काम करणाऱ्याकडे गेलो. त्याने लाइनमध्ये नायट्रोजन भरून दाब धरला आणि साबणाचं पाणी मारत गेला. कंडेन्सरवर काही नाही. पाइपच्या जोडापाशी बारीक बुडबुडे उठले. रबराचं एक ओ-रिंग सुकून चिरलेलं. नवं रिंग, व्हॅक्यूम, गॅस मिळून 1,900. सर्व्हिस सेंटरची ओळ होती 6,100 ची.

तिथेच मल्टिमीटर होता म्हणून बॅटरीही मापून घेतली. रात्रभर उभ्या गाडीत 12.5 व्होल्ट, स्टार्ट मारताना 10 च्या खाली जात नाही, चालू इंजिनला 14.2. ही बॅटरी 4,600 रुपये खर्चून बदलायची गरज नाही, निदान या हिवाळ्यात तरी.

आजवर गेले 27,150. त्यातले पाण्याचे 5,600 आणि टाकीचे 2,000 त्या मूळ यादीत नव्हतेच. पतपेढीचा पहिला हप्ता सप्टेंबरच्या पगारातून कापला गेला. 15,000 च्या वरचं सगळं ऑगस्टच्या शिल्लकेतून आणि दोन महिन्यांच्या घरखर्चातून निघालं. त्यात दसऱ्याची साडी राहिली आणि मुलीचे बूट दिवाळीवर गेले. गावच्या रंगाची आरडी या महिन्यात सुटतेय, अख्खी.

पार्किंगची जागा बदलून मिळावी म्हणून सोसायटीला अर्ज दिला आहे. गेटजवळचा कोपरा हातभर उंच आहे. तिथे सध्या एक बंद पडलेली स्कूटर उभी असते, तिच्या मालकाशी बोलणं सेक्रेटरींनी नवऱ्यावर सोपवलंय.